समिती आजच्याच तारखेनं करा

ताई, नमस्कार.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. माझ्या मस्टरवर १७ माणसं आणि पॅकिंगला ठेकेदाराची २४. पॅकिंगवर बहुतेक बायकाच आहेत. पंधरा दिवसांपूर्वी त्यातली एक जण जेवणाच्या सुट्टीत माझ्या बायकोजवळ येऊन रडली. बायको आमचा हिशेब बघते. आमचा सुपरवायझर रात्री व्हॉट्सअॅपवर नको ते लिहितो, कंपनीच्या गाडीत मुद्दाम शेजारी येऊन बसतो, 'तुझी दुसरी पाळी काढतो, पण तूही माझं ऐकलं पाहिजेस' म्हणतो, असं तिनं सांगितलं. लेखी काही दिलेलं नाही. 'लिहून दिलं तर घरी कळेल' म्हणते.

सुपरवायझर माझ्याकडे २२ वर्षं आहे. २६ जुलैच्या पुरात रात्रभर थांबून त्यानं माझा माल वाचवला होता. मुलगा म्हणतो, मुलीला दोन महिन्यांचा पगार देऊन मोकळं करू. ठेकेदार म्हणतो, 'शेठ, उद्यापासून दुसरी पाठवतो.' आमचे लेबर कन्सल्टंट म्हणतात, तुमच्याकडे पोशची, म्हणजे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखालची, समितीच नाही, तेव्हा मागच्या वर्षीच्या जानेवारीची तारीख टाकून कागद करू आणि वहिनींना अध्यक्ष दाखवू. मला यातलं काहीच पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही. ती तर माझी कामगारसुद्धा नाही. दोघांना केबिनमध्ये समोरासमोर बसवून मिटवू का?

– एक लघुउद्योजक, नवी मुंबई

नमस्कार.

दोघांना केबिनमध्ये बसवू नका. उत्तर छापून येईपर्यंत तुम्ही तेच करून बसाल अशी धास्ती वाटली, म्हणून हे एक वाक्य तुम्हाला आधीच इमेलनं कळवलं होतं. तुमच्या मनात काही वाईट नाही हे पत्रातून दिसतं. पण त्या खोलीकडे तिच्या बाजूनं पाहा. टेबलापलीकडे मालक, शेजारच्या खुर्चीत तिची पाळी लावणारा माणूस, आणि ती स्वतः ठेकेदाराच्या रोजावर. ती म्हणेल, 'जाऊ द्या शेठ, माझाच गैरसमज झाला असेल.' तुम्हाला वाटेल, मिटलं. सोमवारी ती कामावर येणार नाही. आणि फोनमधलं काय पुसायचं, कुणाशी बोलून ठेवायचं, हे सुपरवायझरला मात्र कळलेलं असेल.

तुमचा माल कोणता, गाडी कुठून सुटते, ती कुठल्या गावची, हे सगळं मी पत्रातून काढून टाकलं आहे. तक्रार करणारी, जिच्या तक्रारीत नाव आहे तो आणि साक्षीदार, यांची ओळख किंवा चौकशीतला मजकूर कोणत्याही मार्गानं जाहीर करायला कायद्याच्या १६व्या कलमानं मनाई आहे. लेखी तक्रार अजून आली नसली तरी तुम्ही हे आजपासूनच पाळा. मुलगा, ठेकेदार आणि कन्सल्टंट अशा तिघांशी तुम्ही बोलला आहात. तिचं नाव सांगितलं असेल तर तिघांनाही फोन करा आणि ही गोष्ट इथेच थांबली पाहिजे असं बजावा. ठेकेदाराला तर पहिल्यांदा. तिच्या घरचा नंबर त्याच्याकडे आहे.

आता 'ती माझी कामगारसुद्धा नाही' याबद्दल. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, ज्याला सगळे पोश म्हणतात, २०१३चा आहे आणि त्या वर्षीच्या ९ डिसेंबरपासून तो लागू आहे. त्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. कायम, हंगामी, रोजंदारीवरची, शिकाऊ, प्रोबेशनवरची, ठेकेदारामार्फत आलेली, सगळ्या त्यात येतात. मूळ मालकाला ती तिथे काम करते हे माहीत नसलं तरी येते. तुमच्या जागेत, तुमच्या माणसाच्या हाताखाली ती काम करते, तेव्हा तिची तक्रार तुमच्याच समितीकडे येणार. कामाच्या जागेची व्याख्याही तशीच आहे. मालकानं पुरवलेली गाडी ही कामाचीच जागा. त्यामुळे 'गाडीत झालं, गेटबाहेर झालं' ही पळवाट राहत नाही.

या कायद्याची मुळं कुठे आहेत तेही सांगते, कारण त्याचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथीन' म्हणून मानधनावर काम करायच्या. बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल आला. पुढची १६ वर्षं त्या निकालातली मार्गदर्शक तत्त्वं हाच कायदा होता. मानधनावर राबणारी, कुठल्याही कायम मस्टरवर नसलेली बाई या कायद्याच्या मुळाशी उभी आहे. तुमच्या पॅकिंगवरची ती मुलगी आणि हा कायदा यांच्यात ठेकेदाराचं बिल आडवं येऊ शकत नाही.

दहा किंवा त्याहून जास्त माणसं असली की अंतर्गत समिती हवीच. तुमच्याकडे १७ आणि २४ मिळून ४१ आहेत. ठेकेदाराची सोडली तरी १७ उरतात. म्हणजे समिती कधीच व्हायला हवी होती. न केल्याबद्दल ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर दुप्पट शिक्षा, आणि परवाना किंवा नोंदणी रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ही चूक झालेली आहे. ती कबूल करून पुढे जायचं की तिच्यावर खोटा कागद चिकटवायचा, एवढंच आज तुमच्या हातात आहे.

त्या मागच्या तारखेच्या कागदाबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण तुम्हाला हा सल्ला देणारे कन्सल्टंट एकटे नाहीत.

मी बाहेरची सदस्य म्हणून बऱ्याच समित्यांवर बसले आहे. काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका कंपनीनं तक्रार आल्यावर मला बोलावलं आणि समितीचा आदेश पुढे ठेवला. तारीख जुनी, सही-शिक्का व्यवस्थित. आदेशात अध्यक्ष म्हणून ज्या बाईंचं नाव होतं त्या शेजारीच बसल्या होत्या. सहज विचारलं, तुम्ही इथे कधीपासून? त्या म्हणाल्या, मागच्या जूनपासून. आदेश त्याच्या आधीच्या जानेवारीचा होता. खोलीत कुणी काही बोललं नाही. मी फाइल मिटली आणि निघून आले. नंतर ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच्या वकिलानं नेमकी हीच गोष्ट धरली. जिच्यासाठी सगळं चाललं होतं ती बाई तोपर्यंत नोकरी सोडून गेली होती. मला तिचा चेहरा अजून आठवतो.

म्हणजे खोट्या तारखेची समिती तुम्हाला वाचवत नाहीच, उलट पुढचं सगळं पोखरून ठेवते. समिती नसणं ही एक चूक झाली, खोटा दस्तऐवज बनवणं हा वेगळा गुन्हा आहे. आणि असल्या समितीचा निकाल मुलीच्या बाजूनं लागला तरी अपिलात टिकणार नाही. चौकशीत घाई किंवा ढिलाई केली तर काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातलं आहे. गोव्यातल्या एका विद्यापीठातल्या २००९च्या तक्रारी होत्या. समितीनं घाईघाईनं, एकामागून एक बैठका घेऊन चौकशी उरकली आणि प्राध्यापकाची नोकरी गेली. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही. कारवाई रद्द झाली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. तक्रार करणाऱ्या मुलींची चौदा वर्षं त्यात गेली.

तेव्हा कन्सल्टंटना नको म्हणा, आणि आजची तारीख टाकून समिती करा.

कमीत कमी चार जण लागतात. अध्यक्ष बाईच हवी, तुमच्याकडे वरच्या पदावर काम करणारी. कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, बायकांच्या प्रश्नांबद्दल कळकळ असलेले, सामाजिक कामाचा अनुभव किंवा कायद्याची माहिती असलेले. आणि बाहेरची एक व्यक्ती, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. एकूण सदस्यांत निम्म्या तरी बायका असल्याच पाहिजेत. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. १७ माणसांत वरच्या पदावर बाई नसेल तर अध्यक्ष दुसऱ्या संस्थेतून घ्यायची सोयही कायद्यात आहे. शेजारच्या प्लॉटवरच्या कंपनीतल्या एखाद्या वरिष्ठ बाई हे काम करू शकतात. तुमच्यासारख्या लहान युनिटना हे कुणी सांगतच नाही, आणि मग मालकाच्या बायकोचं नाव टाकलं जातं.

वहिनींना अध्यक्ष करू नका. त्या मालकाच्या घरातल्या आहेत हे एक कारण. दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. ती मुलगी पहिल्यांदा त्यांच्याजवळ बोलली, म्हणजे उद्या त्या साक्षीदार असू शकतात. त्यांनी आजच आठवून, कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणत्या शब्दांत तिनं काय सांगितलं ते स्वतःच्या हातानं लिहावं, खाली सही-तारीख घालावी आणि पाकीट बंद करून ठेवावं. या टप्प्यावर त्यांच्याकडून याहून मोठी मदत होणार नाही.

सुपरवायझरच्या जवळचं कुणी सदस्य नको. पॅकिंगच्या बायका ज्यांच्याशी मोकळ्या बोलतात असं कुणी तरी हवं. बाहेरचा सदस्य निवडताना घाई करू नका. कन्सल्टंटच्या यादीतलं, एकाच वेळी पन्नास कंपन्यांच्या कागदावर असलेलं नाव घेऊ नका. ठाण्यात आणि नवी मुंबईत बायकांसोबत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संस्था आहेत, समाजकार्याची महाविद्यालयं आहेत, तिथे जाऊन विचारा. तिच्याशी तिच्या भाषेत बोलता येणारी, तिच्या शेजारी बाकावर बसणारी व्यक्ती शोधा. नियमांत बाहेरच्या सदस्याला बैठकीच्या दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च लिहिला आहे. प्रत्यक्षात लोक ठरवून थोडं जास्त देतात. तिथे घासाघीस करू नका.

आदेश लेटरहेडवर काढा, सदस्यांची नावं आणि फोन नंबर मराठीत आणि हिंदीत लिहून नोटीस बोर्डावर लावा. पॅकिंग लाइनजवळ आणि बायकांच्या डबा खायच्या जागेतही लावा. ऑफिसबाहेरच्या काचेच्या बोर्डापर्यंत त्या कधी येत नाहीत. छळाचे परिणाम काय होतात हेही त्याच कागदावर स्पष्ट लिहायचं आहे, कायद्यानं ते बंधनकारक आहे. कामाच्या जागी होणाऱ्या छळाच्या तक्रारींसाठी केंद्र सरकारचं शी-बॉक्स नावाचं पोर्टल आहे, त्यावर समितीची नोंद करा.

समिती उभी राहायला आठवडा-दहा दिवस लागतील. तोवर तिला त्याच माणसाच्या हाताखाली सोडता येणार नाही. कायद्याच्या १२व्या कलमाखाली, तिनं लेखी मागितलं तर समिती दोघांपैकी एकाची बदली किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जास्तीची रजा सुचवू शकते. पण मालक म्हणून काही गोष्टी तुम्ही कुणाच्या शिफारशीशिवाय उद्या सकाळी करू शकता. पाळ्या लावायचं काम त्याच्याकडून काढून स्वतःकडे घ्या, सगळ्या लाइनचं, एकटीचं नव्हे. कारण द्यायची गरज नाही. गाडीत पुढच्या रांगा बायकांसाठी ठेवा. तिला मात्र न विचारता कुठेही हलवू नका. तिला दुसऱ्या खात्यात टाकलं की सगळे समजतात, चूक हिचीच असणार.

आणि पुरावे जपा. बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्याचं जुनं चित्रण काही आठवड्यांनी आपोआप पुसलं जातं. मागच्या दिवसांचं जे हाती लागेल ते आजच वेगळं काढून ठेवा. पाळ्यांचे तक्ते, गेटचं रजिस्टर, गाडीच्या फेऱ्यांची वही यांच्या प्रती काढा. तिचा फोन मागू नका. मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव, एवढंच तिच्यापर्यंत पोहोचू द्या.

लेखी तक्रारीचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण सगळं तिथे अडतं. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. एकाहून जास्त घटना असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. तिला लिहिता येत नसेल किंवा हात थरथरत असेल तर लिहायला सर्वतोपरी मदत करणं हे समितीच्या अध्यक्ष किंवा सदस्याचं कर्तव्य आहे, ९व्या कलमात तसं लिहिलेलं आहे. सहा प्रती लागतात. झेरॉक्सवाल्याकडे तिला पाठवू नका.

पण तिला अडवते आहे ती घरची भीती. दिघा, घणसोली, रबाळे इथल्या चाळींत आणि बैठ्या घरांत राहणाऱ्या किती तरी मुलींनी मला हेच सांगितलं आहे. घरी कळलं की पहिला निर्णय ठरलेला असतो, उद्यापासून कामाला जायचं नाही. त्रास देणाऱ्याचं काय होईल ते पुढचं पुढे, हिचा पगार, हिचं बाहेर पडणं, हिचा स्वतःचा फोन, सगळं त्याच दिवशी जातं. म्हणून ती गप्प आहे. तिला धीर नाही असं समजू नका. मालकाच्या बायकोला जेवणाच्या सुट्टीत गाठून तिनं हे सांगितलं, यात केवढा धीर लागला असेल याची कल्पना करा.

तिला गुप्ततेबद्दल खरं तेवढंच सांगा. समितीची नोटीस तिच्या घरी जाणार नाही, हातात दिली जाईल, बैठका कामाच्या वेळेत होतील आणि त्या वेळेचा रोज कापला जाणार नाही, एवढं तुम्ही पाळू शकता. गावात, नात्यात कुणालाच कधी कळणार नाही, असं वचन मात्र देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. पोलिसांत जायचं असेल तर तो तिचा हक्क आहे. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळासाठी ७५वं कलम आहे, आणि तिनं तो मार्ग निवडला तर तिला मदत करणं पोश कायद्यानं तुमच्यावर टाकलेलं काम आहे. तिनं काय निवडावं हे मात्र तुम्ही सुचवू नका.

आणि तिनं नाहीच लिहून दिलं तर? तर तिच्यावर जबरदस्ती नको, तिच्या नावानं दुसऱ्यानं काही लिहूनही नको. पण म्हणून तुमची सुटका होत नाही. सुरक्षित कामाची जागा देणं हे मालकाचं कर्तव्य १९व्या कलमात पहिलंच आहे, आणि ते कुणाच्या तक्रारीवर अवलंबून नाही. पाळ्या लावायचा अधिकार एका माणसाच्या मर्जीवर राहणार नाही अशी पद्धत कायमची करा. सगळ्यांसाठी, सुपरवायझरसकट, या विषयावर एक दुपार द्या, बाहेरच्या सदस्याला बोलवा. माझा अनुभव असा की त्या दुपारनंतर महिन्याभरात कुणी तरी बोलायला येतंच, आणि पुष्कळदा एकाहून जास्त जणी येतात.

दोन महिन्यांच्या पगाराबद्दल तुमच्या मुलाशी तुम्हीच बोला, शांतपणे. तो वाईट मुलगा आहे असं मी म्हणत नाही, त्यानं धंद्याचा विचार केला. पण १०व्या कलमात समेटाची वाट आहे ती फक्त तिनं मागितली तर, चौकशी सुरू व्हायच्या आधी, समितीमार्फत, आणि पैसे हा समेटाचा आधार होऊच शकत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पैसे देऊन घालवलेली मुलगी म्हणजे तक्रार केल्याबद्दल काढलेली मुलगी. ठेकेदारानं 'दुसरी पाठवतो' म्हटलं याचाही अर्थ तोच होतो. त्याला लेखी कळवा की या मुलीला तुमच्या संमतीशिवाय काढायचं किंवा बदलायचं नाही. पत्रात कारण लिहू नका, पॅकिंगच्या सगळ्याच कामगारांसाठी तसं लिहा.

राहिला तुमचा सुपरवायझर. २६ जुलैच्या त्या रात्रीचं तुम्ही लिहिलंत आणि मला तुमची तगमग कळली. पुराच्या पाण्यात उभं राहून मालकाचा माल वाचवणारा माणूस गाडीत एका मुलीला त्रास देऊ शकतो का? देऊ शकतो. दिलाच असेल असंही नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, आणि म्हणूनच हा निवाडा तुम्ही करायचा नाही. २२ वर्षांचं नातं असलेल्या माणसाला निःपक्षपाती होता येत नाही, ते तुमच्याकडून कुणी मागतही नाही. समिती त्यासाठीच आहे.

त्याचेही हक्क आहेत. तक्रार आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत तिची प्रत त्याला मिळेल, आणि ती मिळाल्यापासून उत्तर द्यायला दहा कामकाजाचे दिवस. त्याला आपले साक्षीदार आणता येतील. वकील दोघांनाही आणता येत नाही. बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर लागतात, एकटादुकटा बसून जबाब घ्यायचे नाहीत. चौकशी ९० दिवसांत संपवायची, त्यानंतर १० दिवसांत अहवाल तुमच्याकडे आणि दोघांकडे येईल, आणि समितीनं जे सुचवलं असेल ते तुम्ही ६० दिवसांत अमलात आणायचं. लेखी माफी, ताकीद, पगारवाढ रोखणं, तिला भरपाई, समुपदेशन, नोकरीवरून काढणं, यातलं काहीही असू शकतं. न पटल्यास ९० दिवसांत अपील आहे, दोघांनाही. चौकशीच्या खोलीत तुम्ही बसायचं नाही, दारापाशी घुटमळायचंही नाही. अहवाल यायच्या आधी अध्यक्षांना 'कुठवर आलं?' असं विचारायचं नाही. सुपरवायझर रात्री घरी येऊन पाया पडला तरी 'जे काही आहे ते समितीपुढे सांग' एवढंच म्हणायचं. हे तुम्हाला जड जाणार आहे.

तक्रार सिद्ध झाली नाही तर? 'मग खोटीच होती' असं कुणीही म्हणायचं नाही. पुरावा अपुरा पडणं आणि मुद्दाम खोटी तक्रार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं १४वं कलम सांगतं. खोटेपणा आणि दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. तिला त्यानंतरही त्याच लाइनवर, त्याच रोजावर काम करता आलं पाहिजे.

एक कागदाची गोष्ट राहिली. वर्षाचा अहवाल, किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांहून जास्त काळ किती पडून आहेत, किती कार्यशाळा घेतल्या, हा या कायद्यासाठी नेमलेल्या जिल्हा अधिकाऱ्याकडे जातो. नवी मुंबईत इथे गोंधळ होतो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे जिल्ह्यात आहे, खारघर, तळोजा, पनवेल रायगड जिल्ह्यात. तुमचा अहवाल ठाण्याला जाईल. एकही तक्रार नसेल तेव्हाही पाठवायचा. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जिल्हा अधिकारी नेमायला आणि आस्थापनांत समित्या आहेत की नाहीत याची पाहणी करायला सांगितलं आहे, त्यामुळे विचारणा होईल. तेव्हा आजच्या तारखेचा खरा आदेश दाखवा आणि उशीर झाला हे सांगा.

उद्या सकाळी तिला केबिनमध्ये बोलावू नका. वहिनींना तिच्याशी बोलू द्या, जिथे ती पहिल्यांदा बोलली तिथेच. एवढंच सांगू द्या: 'तू सांगितलंस ते आम्ही ऐकलं. तुझं काम जाणार नाही. पाळ्या आता तो लावणार नाही. चार जणांची समिती होते आहे, तिच्यापुढे बोलायचं की नाही हे तू ठरव, लिहायला तुला मदत मिळेल. मेसेज पुसू नकोस. आणि कधी भीती वाटली तर १८१वर फोन कर, महिलांसाठीच आहे तो.'

समितीच्या आदेशाचा आणि नोटीस बोर्डाच्या कागदाचा मराठी नमुना तुमच्या इमेलवर आज पाठवला आहे. बाहेरची सदस्य मिळायला अडचण आली तर कळवा, दोन-तीन नावं सुचवेन. मी स्वतः मात्र तुमच्या समितीवर येऊ शकणार नाही, कारण तुमची बाजू मी आधीच ऐकली आहे.